तांडेलची गाडी आणि मॅनिफोल्डचे स्टड

मी लष्करात व्हेईकल मेकॅनिक होतो आणि नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सगळ्यांत लांबची पोस्टिंग मिळाली ती उत्तरेकडच्या डोंगरात, एका फील्ड वर्कशॉपमध्ये. तेव्हा मी हवालदार होतो. मूळचा केळव्याचा, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेला. या डोंगरात झाड म्हणून नजरेला पडत नव्हतं. दिवसा दगड, रात्री थंडी आणि दोन्ही वेळेला डाळ-रोटी.

हजर व्हायला गेलो तेव्हा वर्कशॉपच्या गेटपाशी एक ड्रायव्हर रिकव्हरी गाडीच्या चाकांखाली दगड लावत होता. रिकव्हरी गाडी म्हणजे बंद पडलेल्या, खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढून काढणारी क्रेनवाली गाडी. त्याने माझ्या ट्रंकेवर रंगवलेलं गावाचं नाव वाचलं, हात झटकत उभा राहिला आणि म्हणाला, "केळवं? मी दांडीचा हाय."

दांडी हे तारापूरच्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. घरी असताना मी तिथे बोंबील आणायला सायकलने जायचो. आणि तिथला माणूस मला भेटला तो देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्याचं नाव लान्स नाईक सुधाकर तांडेल. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी मराठीत भांडलो आणि बाकी सगळ्यांशी हिंदीत बोललो.

वर्कशॉपचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी पीटी, मग चहा, मग फर्स्ट परेड. फर्स्ट परेडला प्रत्येक ड्रायव्हरने बॉनेट उघडायचं, तेल, पाणी, पट्टे, टायर बघायचे आणि जे बिघडलं असेल ते मेकॅनिकला सांगायचं. बहुतेक ड्रायव्हर "सब ठीक, साब" म्हणून मोकळे होत. तांडेल कधीच सब ठीक म्हणाला नाही. दर सकाळी त्याची काहीतरी तक्रार असायची. मी वैतागायचो. आणि बघायला गेलं की खरंच काहीतरी निघायचं, त्यामुळे आणखी वैतागायचो.

एकदा तो म्हणाला, "साब, थंड असताना टिकटिक करते. गरम झाली की गप्प." मी बॉनेटखाली टॉर्च मारला. मॅनिफोल्डचा शेवटचा स्टड तुटलेला होता आणि हेडवर काजळीचा काळा पंखा उमटला होता.

गाडीवाल्या नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इंजिनातून निघणारा जळका वायू गोळा करणारा बिडाचा जाड नळ म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तो इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणासारख्या भागाला, स्टडने जोडतात. स्टड म्हणजे डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट. एक टोक हेडमध्ये रुतवायचं, दुसऱ्यावर नट चढवायचा. टर्बोच्या गाडीत टर्बो या मॅनिफोल्डवरच बसतो. वायूच्या जोराने त्याचा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. चढावर हा सगळा भाग तापून लाल होतो. लोखंड वाढतं, थंड झालं की आकसतं, आणि ही सगळी ओढाताण बोटाएवढे स्टड निमूटपणे सोसतात. एखादा तुटला की वायू फटीतून निसटतो, टर्बोला जोर राहत नाही, गाडी चढत नाही आणि धूर आत येतो. डोंगरात असे स्टड मी इतके बदलले की हात आपोआप चालायला लागले. घरी बायको म्हणते, कुकरच्या मुठीचा स्क्रूसुद्धा हे टॉर्क पान्याने जोर मोजून आवळतात. आरोप खरा आहे.

दांडीच्या माणसाने पैसे साठवून होडी घ्यायची असते. तांडेलने सुट्टीत जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली. त्या सुट्टीत मीही घरी होतो. तो आईला पुढच्या सीटवर बसवून केळव्याला आला. गावात तिला सगळे आय म्हणतात, मीही म्हणतो. माझ्या दारात गाडी थांबली, पण आय उतरेना. चहा तिने गाडीतच, काच खाली करून घेतला आणि माझ्या बायकोने दिलेली पोफळीची सुपारी कनवटीला लावली. परत जाताना तिने मला तंबी दिली की सुदाची गाडी तूच बघायची, दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. मी जी हुजूर म्हणून सॅल्यूट ठोकला. ती हसली नाही. तिला तो हुकूम वाटला होता.

तांडेल गेला त्या दिवशी आकाश निरभ्र होतं. तोवर तो नाईक झाला होता. रेशनच्या कॉन्व्हॉयमधला एक ट्रक वळणावर मऊ मातीत रुतला होता. तांडेल रिकव्हरी गाडी घेऊन गेला. वर्कशॉपच्या रेडिओवर मी बसलो होतो.

"बेस, रिकव्हरी. ट्रक निकाल लिया. ड्रायव्हर ठीक है. ओव्हर."

"रिकव्हरी, बेस. शाबाश. वापस आओ. ओव्हर."

"आ रहा हूँ. आउट."

परतीच्या वाटेवर रस्त्याची कड खचली. गाडीत तो एकटा होता. बरोबरच्या जवानाला त्याने आधीच खाली उतरवून पुढे चालत रस्ता बघायला लावलं होतं. तो जवान वाचला. तांडेलला आम्ही दुसऱ्या दिवशी वर आणलं.

त्याला दांडीपर्यंत मीच घेऊन आलो. आय माझ्यासमोर रडली नाही. तिने एवढंच विचारलं, सकाळी जेवून निघालेला का? मी हो म्हणालो. ते खरं होतं.

निवृत्तीनंतर मी बोईसरजवळ सालवडला रस्त्यालगत गॅरेज टाकलं. चांगलं चाललंय. आठवडाभर कारखान्यांतल्या माणसांच्या दुचाक्या आणि गाड्या, सोमवारी केळव्याच्या वाळूत क्लच जाळून घेतलेले मुंबईचे पाहुणे. माझी तक्रार नाही, पाहुण्यांचीही नसावी. वर्षातून एकदा पालघरला जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचा मेळावा भरतो. गेलेल्या जवानांच्या घरच्यांना आवर्जून बोलावतात. दांडीचं आमंत्रण माझ्याकडे. दर वर्षी मी जायचो, आय मला जेवू घालायची आणि नाही म्हणायची. तिचं म्हणणं एकच असायचं: "तिथं येऊन माझ्या पोराला मेला म्हणू? मी नाय येणार." भातावर सुक्या बोंबलाचं कालवण घ्यायचो आणि परत यायचो.

या वर्षी तिने माझं ताट वाढता वाढता सांगितलं, "येते मी. पण सुदाच्या गाडीनंच."

का, हे मी विचारलं नाही. आयला आता नीट दिसत नाही, गुडघे धरलेले असतात, ओटा उतरतानाही भिंत लागते. पुढच्या वर्षाचं कोणीच काही सांगू शकत नव्हतं. मी हो म्हणून बसलो.

अंगणात आल्यावर तिचा धाकटा मुलगा हरेश्वर मला बाजूला घेऊन गेला. हा घरची होडी चालवतो, कामाला वाघ आहे आणि स्क्रू दिसला की फिरवल्याशिवाय त्याला राहवत नाही. गाडी चालण्याच्या लायकीची नाही, असं तो खाली बघत म्हणाला. पुलाच्या चढावर रिक्षा पुढे जाते, आत धूर भरतो. बोईसरच्या एका गॅरेजने तर बघताक्षणी भंगारात द्या म्हणून सांगितलं होतं. हे आयला माहीत नव्हतं.

"दादा, तिला काय सांगू?" तो म्हणाला.

मेळावा रविवारी होता. मी म्हटलं, आजच गाडी आण.

गाडी टिकटिक करत आली. गॅरेजच्या कोपऱ्यावर ती दिसायच्या आधी ऐकू आली. बॉनेट उघडलं. मॅनिफोल्डचे सगळे स्टड चकचकीत होते. स्टेनलेस स्टीलचे.

"मीच बदलले," हरेश्वर म्हणाला. "जुने पार लाल झालेले. आमी होडीला हेच लावतो. गंज म्हणून नाय."

आमच्या पट्ट्यात स्टेनलेसला देवाखालोखाल मान आहे, आणि तो उगाच नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला औषधांचे आणि रसायनांचे कारखाने. साधं लोखंड इथल्या हवेत बघता बघता कुजतं. होडीचे बोल्ट स्टेनलेस, कारखान्यातल्या टाक्या स्टेनलेस, आणि ज्याचा मुलगा प्लांटमध्ये लागला त्याच्या घराची जाळीसुद्धा स्टेनलेस. हरेश्वरने होडीवरचं ज्ञान गाडीला लावलं. होडीवर तो शंभर टक्के बरोबर होता. असली चूक करायला माणूस इथलाच लागतो.

मॅनिफोल्डवर मात्र स्टेनलेस चालत नाही. तापल्यावर ते बिडापेक्षा जास्त लांब होतं. मग स्टड लांबतो, पकड ढिली पडते आणि वायू निसटायला लागतो. त्याचे आटे नटात जीव खाऊन अडकतात. शिवाय या गाडीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले आणि वर खारी हवा असली की आतून पांढरी भुकटी धरते आणि स्टड हेडला चिकटून बसतो. टिकटिक सुरू झाल्यावर हरेश्वरने सगळे नट आणखी आवळले होते. शेवटचा स्टड हेडच्या आतच तुटला होता, बाहेर पकडायला काहीही शिल्लक नव्हतं.

मी खाली आडवा होऊन बघितलं तर आणखी एक गंमत. टर्बोच्या खाली त्याचं वजन पेलणारा एक आधार असतो, लोखंडी पट्टीचा. तो जागेवर नव्हताच.

मी विचारल्यावर तो म्हणाला, गंजलेला होता, उगाच लोखंड म्हणून ठेवून दिला घरी. म्हणजे तो टर्बो एवढे महिने नुसत्या स्टडवर लोंबकळत होता आणि शेवटच्या स्टडने सगळ्यांचा भार घेतला होता. मी त्याला फौजी भाषेत चार शब्द ऐकवले. ते इथे लिहीत नाही. तो मुकाट्याने गेला आणि आधार घेऊन आला.

आतून तुटलेला स्टड काढणं हाच खरा प्रश्न होता. त्या मॉडेलचं हेड आता कुठे मिळत नाही. काढताना हेडचे आटे गेले किंवा भोक वाकडं झालं तर गाडी संपली, आणि गाडी संपली तर आय मेळाव्याला येणार नाही. हे मला स्वच्छ दिसत होतं, हरेश्वरलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वर आयलाच घेऊन आला. घरी तिने त्याचं डोकं खाल्लं असणार. मी तिला दाराशी सावलीत खुर्ची दिली. तिने गाडीवरून हात फिरवला आणि बसली.

"होईल ना रं?" तिने विचारलं.

"बघतो, आय."

"बघतो नको. सांग."

"आत्ता नाही सांगता येत," मी म्हणालो. तिने मान डोलावली. खोटं बोललो असतो तर तिला कळलं असतं.

आधी आठांपैकी बाकीचे सात स्टड. इंजिन थोडं गरम केलं, गंज सोडवायचं तेल मारून मुरू दिलं, मग पाना लावला. स्टेनलेसचे नट स्टडसकट फिरले आणि किंचाळत बाहेर आले. प्रत्येक किंचाळीला आय दचकायची. सात निघाले. मॅनिफोल्ड उतरवला. त्याची बैठक सरळपट्टी लावून बघितली तर एका टोकाला वाकली होती. मॅनिफोल्ड हरेश्वरबरोबर ग्राइंडिंगला, म्हणजे बैठक घासून सपाट करायला, पाठवून दिला, त्यामुळे त्याच्या हातांनाही काम मिळालं.

आठव्यासाठी दोन रस्ते होते. भोक पाडून आत उलट्या आट्यांचा कडक रॉड फिरवायचा, त्याला इझी आउट म्हणतात. पण तो रॉड आत मोडला तर पुढे कोणतंही ड्रिल त्याला शिवू शकत नाही, आणि अडकलेल्या स्टेनलेसमध्ये तो मोडतोच. त्याला मी हात लावला नाही. दुसरा रस्ता वेल्डिंगचा. तुटक्या स्टडवर वेल्डिंगचे टिपके चढवत चढवत तो हेडच्या बाहेर आणायचा, त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करायचा आणि नट फिरवायचा. वेल्डिंगचं स्टील अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, हा आपला फायदा. धोका एवढाच की हात चुकला तर भोकाची कड वितळते.

पहिला नट फिरवताच तुटून हातात आला. मी घासून पुन्हा टिपके चढवले. दुसरा नटही तसाच तुटून आला. मी पाना ठेवला आणि बाहेर जाऊन पाणी प्यालो. डोंगरात वरून हुकूम असायचा, खाली हातात पाना असायचा, मध्ये विचार करायला वेळ नसायचा. इथे दाराशी तांडेलची आई बसली होती. मला भीती वाटली, हे सरळ सांगतो.

आत आल्यावर तिसरा नट ठेवला. या वेळी वेल्डिंग जास्त वेळ धरलं, स्टड मुळापर्यंत तापू दिला. मग हात आवरून थांबलो. लाली गेल्यावर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांच्या कडेने आत शोषलं गेलं. ही युक्ती मी वर्कशॉपमध्ये शिकलो होतो. पाना लावला, आणि सोडवण्याऐवजी आधी किंचित आवळला. मग उलटा. पुन्हा आवळला, पुन्हा उलटा. करकर असा बारीक आवाज आला आणि स्टड हलला. त्यानंतर मी इतक्या सावकाश फिरवला की आयने विचारलं, झोपलास काय?

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत पांढरी भुकटी भरलेली होती. भोकात टॉर्च मारला. आटे शाबूत होते. मी मोठ्याने हसलो. आयने स्टड बघायला मागितला. थंड झाल्यावर दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट केला, आणि तेवढ्यात ग्राइंडिंगहून परतलेल्या हरेश्वरच्या तळहातावर ठेवला.

"हा सुदाचा नाय," ती म्हणाली. "हा तुझा. ठेव."

हरेश्वरला हसावं की लाजावं कळेना. पण नवे स्टड मीच आणतो म्हणून तो लगेच बोईसरला गेला आणि काळ्या रंगाचे हाय टेन्साइल स्टड घेऊन आला. दुकानदाराने सांगितलं होतं, यापेक्षा कडक काही मिळत नाही. गोष्ट खरी होती, पण त्यांचा कडकपणा भट्टीत पाणी देऊन आणलेला असतो, आणि मॅनिफोल्डच्या आचेत तो हळूहळू उतरतो. थंडीत पैलवान आणि गरमीत आजारी, असा स्टड इथे कामाचा नाही. इथे लागतो तो उष्णता सोसणाऱ्या स्टीलचा, कंपनी लावते तसा. कंपनीचे मागवले तर रविवारनंतर येणार होते.

माझ्या गॅरेजमागच्या गल्लीत रामनरेश नावाचा टर्नर आहे. लेथ चालवतो, बोलतो कमी. कारखान्यांच्या वाफेच्या नळांचे बोल्ट तोच करून देतो. त्याच्याकडे जाऊन मी भोकाचं माप सांगितलं.

"कितना गरम होगा?" त्याने विचारलं.

"लाल होता है."

त्याने मागच्या फळीवरून क्रोम मॉलिब्डेनम या आच सोसणाऱ्या स्टीलची सळई काढली. वाफेच्या नळांच्या जोडांना, म्हणजे फ्लँजला, हीच वापरतात. त्याने लेथ सुरू केला आणि मी दाराशी उभा राहून बघत होतो. स्टेनलेसचं वेड आणि त्यावरचा उतारा, दोन्ही एकाच गावात मिळाले.

शनिवारी बांधणी केली. हेडची भोकं आटे पाडायचा टॅप हातानेच फिरवून साफ केली, हवा मारली. स्टड हेडमध्ये बसवताना आवळायचा नसतो. बोटांनी फिरवत तळाला टेकवायचा आणि वर दोन नट एकमेकांवर अडवून फक्त किंचित बसवायचा. दाब नट देतो, स्टडने नुसतं उभं राहायचं असतं. हे हरेश्वरला पटेना. त्याचा हात पान्याकडे सारखा जात होता. मी त्याला पाना दिला आणि सांगितलं, धरून उभा राहा, फिरवायचं नाही. तो फौजेत असता तर चांगला जवान झाला असता, कारण शेवटपर्यंत त्याने फिरवला नाही.

आट्यांना उष्णता सोसणारी पेस्ट अगदी बोटाच्या टोकाएवढी. फट बुजवणारं नवीन गॅस्केट, वर मॅनिफोल्ड, तांब्याचा मुलामा दिलेले नट. आवळायचं ते मधून सुरू करून दोन्ही बाजूंना, आणि एकदम नाही, तीन फेऱ्यांत. मग टर्बोचा आधार. त्याला आधी रंग दिला होता, कारण हरेश्वरचा गंजावरचा राग मला मान्य होता. इंजिन चालू केलं. टिकटिक नाही. ते गरम होऊ दिलं, बंद केलं आणि पूर्ण थंड होईपर्यंत कोणाला बॉनेटला हात लावू दिला नाही. थंड इंजिनावर नट पुन्हा एकदा तपासले. दोन किंचित फिरले, बाकीचे जागेवर होते. संध्याकाळी हरेश्वर गाडी घेऊन पुलावर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरच सगळं लिहिलेलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही दांडीहून निघालो. हरेश्वर गाडी चालवत होता, मी मागे. आय पुढच्या सीटवर, हिरव्या लुगड्यात. बोईसरपर्यंत ती काच खाली करून रस्त्याकडे तोंड करून बसली होती. पुढे पालघरच्या रस्त्याला एका ट्रकला मागे टाकल्यावर तिने मान वळवून मला विचारलं, सुदा पण अशीच पळवायचा का? मी म्हणालो, जास्त पळवायचा. ते तिला आवडलं.

पालघरला सभागृह भरलं होतं. मेडल लावलेले म्हातारे, त्यांच्या बायका, काही तरुण विधवा, सुट्टीवर आलेले दोन-तीन जवान. मी आयला दुसऱ्या रांगेत बसवलं आणि तिच्या शेजारी बसलो. भाषणं झाली. मग आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्त कॅप्टनसाहेब उभे राहिले. आमच्या मेळाव्यात शेवटी हजेरी होते. जिल्ह्यातल्या गेलेल्या जवानांची नावं एकेक करून हाक मारल्यासारखी घेतात. ज्याचं नाव येईल त्याच्या घरचं कोणी, नाहीतर त्याच्या तुकडीतलं कोणी उभं राहतं आणि हाजिर म्हणतं. तांडेलच्या नावाला दर वर्षी मी उभा राहतो. आयला हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ती सगळं कान देऊन ऐकत होती.

"नाईक तांडेल सुधाकर."

मी खुर्चीच्या दांड्यावर हात टेकला. आय माझ्या आधी उभी राहिली होती. दोन्ही हातांनी पुढची खुर्ची घट्ट धरली होती.

"तो नाय," ती म्हणाली. "मी हाय."

मी उठलो, आणि मागच्या रांगाही एकेक करून उभ्या राहिल्या. कॅप्टनसाहेबांनी कागद खाली घेतला, आयला सॅल्यूट केला आणि थोड्या वेळाने पुढचं नाव घेतलं. मी तिचा दंड धरून तिला बसवू लागलो. तिने माझा हात बाजूला केला. यादीत सुदाच्या नंतर आणखी बऱ्याच आयांची मुलं होती. शेवटचं नाव होईपर्यंत ती बसली नाही, म्हणून आमच्यापैकीही कोणी बसलं नाही.